कपाटातलं यंत्र आणि भिंतीवरच्या टाइल्स

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सप्टेंबरनंतर या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफी मागते. लिहिण्यासारखं घडलं नाही असं नव्हे. जे घडत होतं त्याखाली माझीच सही होती, म्हणून टाळलं. शुक्रवारी मुंबईत माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर घाबरू नका म्हणाले, पण कागदपत्रं नीट करून या असंही म्हणाले. म्हणून आज रोजनिशीच्या पानावर हे मृत्युपत्र लिहीत आहे.

मी, जयमाला बुधाजी ओव्हाळ, वय ४६, अविवाहित, शिक्षिका, राहणार उरण, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला कोणी शिकवलेलं किंवा धमकावलेलं नाही. मी रागात आहे. लिहिण्याआधी दोन दिवस थांबून पाहिलं, राग उतरला नाही. तेव्हा तोही माझ्या शुद्धीचाच भाग समजावा.

१. चौलची दोन खोल्यांची जागा आणि मागची चार माडांची वाडी माझा भाचा सम्यक याला देत आहे. अट काही नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

२. बँकेत जे काही असेल ते शाळेतल्या माझ्या पाचवीच्या वर्गखोलीसाठी आहे. शाळेसाठी नाही, खोलीसाठी. रंग, कमान, पुतळा, गॅदरिंगचा मांडव यासाठी त्यातलं काही वापरू नये. छताच्या पत्र्याखाली आवाज शोषणारे बोर्ड बसवावेत, खिडक्यांना जाड पडदे लावावेत आणि सर्वांत आधी भिंतींवरच्या टाइल्स झाकाव्यात. माझ्या नावाची पाटी नको. लावायचीच असेल तर कापडाची लावावी.

हे कशासाठी, ते कळावं म्हणून लिहिते. आमच्या शाळेसमोरून दिवसभर कंटेनरचे ट्रेलर जातात. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. मी एक शब्द बोलले की मागच्या बाकापर्यंत तो पोचतो आणि पाठोपाठ त्याचा घुमारा पोचतो. आपण त्यातून शब्द तेवढा वेचून घेतो. श्रवणयंत्राला वेचता येत नाही. ते घुमारा, पंखा, बाकाचा पाय, ट्रेलरचा हॉर्न, सगळंच मोठं करून कानात ओततं. माझ्या वर्गात श्रवणयंत्र लावणारी तीन मुलं आहेत. ती मंद आहेत असं स्टाफरूममध्ये बोललं जातं. तिथे ऐकू येणारी माणसं बसतात.

३. आई सखूने शिवलेल्या सात गोधड्या वर्गालाच देत आहे. सहा वर्षांपूर्वी मी त्या मागच्या भिंतीवर टांगल्या होत्या आणि खोली पहिल्यांदा गप्प झाली होती. तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक दारात उभे राहून म्हणाले, "बाई, हा वर्ग आहे की बाळंतिणीची खोली?" सगळे हसले. मीही हसले आणि गोधड्या काढल्या. ते हसणं मला अजून छळतं.

४. माझी मोठी कात्री अल्पेशला. अल्पेश माझा जुना विद्यार्थी, आता त्याचे नऊ ट्रेलर आहेत. त्याच्याच गॅरेजमधल्या जुन्या ट्यूब या कात्रीने कापून मी बाकांच्या पायांना रबर लावलं, म्हणून बाक ओढले तरी किंचाळत नाहीत. दर जूनमध्ये रबर बदलायचं काम कात्रीबरोबर त्याच्याकडे जावं. गेल्या सप्टेंबरात वर्गाला टाइल्स त्यानेच दिल्या. "चकाचक करून टाकतो बाई तुमचा वर्ग!" टाइल्स लागल्यापासून खोलीत पितळेचं भांडं पडल्यासारखा आवाज घुमतो. या कलमात त्याला चार शब्द सुनवायचे, असं ठरवलं होतं. पण खरं लिहायचं तर त्याने आधी विचारलं होतं, "रंग देऊ का टाइल्स लावू?" खाऱ्या हवेने रंगाचे पोपडे निघतात म्हणून मीच टाइल्स म्हणाले. गोधड्या टांगणाऱ्या बाईने टाइल्स मागितल्या. हे लिहावं लागू नये म्हणून गेले पाच महिने ही वही बंद होती.

५. मुख्याध्यापकांना काही देत नाही.

६. यंत्राबाबत. हे कलम मी तिसऱ्यांदा लिहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी एका संस्थेने शाळेला एक संच दिला. शिक्षिकेने छोटा माइक गळ्यात घालायचा, मुलांच्या श्रवणयंत्रांना बोटाच्या पेराएवढे रिसीव्हर लावायचे. मग ट्रेलर जावो नाहीतर पंखा घुरघुरो, माझा आवाज थेट मुलांच्या कानात. तो वापरला सहा दिवस. तिसऱ्या दिवशी मी फळ्याकडे तोंड करून पुटपुटले, "खडू कुठे गेला?" मागच्या बाकावरून, त्या तीन मुलांतली नेत्रा म्हणाली, "बाई, खिडकीत."

नेत्रा तेव्हा दुसरीत होती; खोली हीच, वर्ग दर वर्षी माझ्याबरोबर वर चढत आला. मी पाठमोरी असताना बोललेलं तिला त्याआधी कधीच कळलं नव्हतं.

सहाव्या दिवशी एक रिसीव्हर मैदानात पडला. दोन तास आम्ही माती चाळली, तेव्हा सापडला. मुख्याध्यापक म्हणाले, "हरवला असता तर तुमच्या पगारातून गेला असता. तपासणीला दाखवायचाय. कपाटात ठेवा." मी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, 'सुस्थितीत' लिहून सही केली आणि कपाट बंद झालं. तेव्हापासून संच तपासणीच्या दिवशी बाहेर येतो. मुलांना रिसीव्हर लावतात, माझ्या गळ्यात माइक, फोटो निघतो, संच परत आत. चालूसुद्धा करत नाहीत. दर वर्षी 'सुस्थितीत', दर वर्षी माझी सही.

गेल्या महिन्यात नेत्राची आई सोनूबाई आली. "बाई, पोरगी शालेत जायाला नाय बोलते. बसून काय करू, काय बी कलत नाय, बोलते. मार्चपातुर ठेवते, मंग येईल माज्यासंगं मिठागरावर." मी तिला शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. कपाट माझ्या पाठीमागेच होतं.

म्हणून या कलमात लिहिलं होतं: माझ्या पश्चात शाळेने संच कपाटातून काढावा आणि नेत्राच्या वर्गात रोज वापरावा, ही माझी अखेरची इच्छा.

दुपारी साक्षीदार आले. शेजारच्या मनुबाई दारातूनच म्हणाल्या, "काय गो, एवढी कसली घाई? शनवारी माज्या हातची पेज खाशील. कुठं सही करू?" दुसरा शिवदास, आमच्या शाळेचा शिपाई. न वाचता सही नको म्हणून मी सगळं मोठ्याने वाचलं. सहाव्या कलमाला शिवदास हसला.

"म्हंजे पोरीनं तुमी मरंपातुर थांबायचं?"

मी चिडले. "मग काय करू? कपाटाला कुलूप आहे."

"चावी माज्याकडं हाय." त्याने कमरेचा जुडगा पुढे केला. "धूल पुसायला दिलीय सायबांनी."

"तीन वर्षं तुझ्याकडे आहे आणि बोलला नाहीस?"

"तुमी मागितली कधी? तुमी तर दर वर्षी सही करून जाता. मला वाटलं, बाईंनाच नको आसंल."

मनुबाई चष्मा पुसत राहिल्या. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. तीन वर्षं मी मुख्याध्यापकांवर रागावले, टाइल्सवर रागावले, स्टाफरूमवर रागावले. कुलपाला एकदाही हात लावला नाही, कारण यंत्र हरवलं तर माझं नाव आलं असतं.

सहावं कलम रद्द. जिवंत आहे तोवर जे करता येतं ते मृत्युपत्रात लिहिण्याचा मला अधिकार नाही. ऑपरेशनआधी शाळेचे चार दिवस आहेत.

बाकी कलमं कायम. वरील खाडाखोड माझ्याच हातची आहे.

लिहून देणार: जयमाला बुधाजी ओव्हाळ (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:
१. मनुबाई काशिनाथ ठाकूर (सही)
२. शिवदास गोमा पाटील (सही)

ठिकाण: उरण, जि. रायगड
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

उद्याचं काम: शाळा भरायच्या आत शिवदासकडून चावी घेऊन यंत्र चार्जिंगला लावणे.