पालथी कढई

प्रिय वहिनी,

घरातलं माणूस गेलं की कढई किती दिवस पालथी ठेवायची? तुला माहीत असेल तर सांग, कारण मला याचं उत्तर येत नाही. मी आपल्या घरातली पहिली पदवीधर, होम सायन्स शिकलेली. कोणत्या धान्यात काय सत्त्व आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण हा प्रश्न माझ्या कुठल्याच पेपरात आला नाही.

तुझ्या तेरवीपासून आपली मोठी कढई मागच्या पडवीत भिंतीशी पालथी पडून होती. आईनंच ठेवली होती. वर्ष होईपर्यंत, किंवा गेलेल्या सुनेच्या माहेरचं माणूस येऊन कढई चुलीवर ठेवेपर्यंत, घरात गोडधोड भाजायचं नाही, तळायचं नाही, ही आपल्याकडची रीत. संक्रांतीचे तिळाचे लाडूसुद्धा शेजारच्या शोभाकाकूंनी आणून दिले. आम्ही खाल्ले, डबा धुतला आणि परत केला.

काल ती कढई सरळ झाली, म्हणून तुला लिहिते आहे. ती कुणी सरळ केली हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

तुला आठवतं का, मी कॉलेजातून सुट्टीत आले होते आणि पिशवीत ओट्सचं पाकीट होतं? तू ते फोडून वास घेतलास. "हा तं भुसा दिसते ताई! म्हशीले टाकू का?" मी तुझ्याहून एवढी लहान, तरी तू मला ताईच म्हणायचीस आणि ताई म्हणूनच माझी फिरकी घ्यायचीस. मी तुला ग्रॅनोला समजावून सांगत होते. ओव्हन, मध, बदाम, सगळं अगदी वर्गात शिकवल्यासारखं. तू शेवटपर्यंत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हंजे गोड चिवडाच ना? तं तसं सांग ना बाप्पा!"

मग बदामाच्या जागी आपले शेंगदाणे आले, मधाच्या जागी गूळ, ओट्सच्या जागी ज्वारीच्या लाह्या. जवस आणि खोबऱ्याचे काप तू आपल्या मनानं घातलेस. मी गुळाकडे वळले, तेवढ्यात मागे मोहरी तडतडली! कढई दिसली की तुझा हात फोडणीकडेच जायचा. कढीपत्त्यासकट फोडणी पडली होती आणि तू कपाळाला हात लावून उभी होतीस. दुसऱ्या खेपेला माझी पाळी आली. मी गुळाचा पाक इतका पक्का केला की सगळ्याची चिक्की होऊन बसली आणि ती खलबत्त्यात घालून फोडावी लागली. दादा दोन्ही खेपांना निमूट खात राहिला. "बरं झालं," एवढंच म्हणाला. तो तुझ्या हातचं कशालाही बरंच म्हणायचा.

तिसऱ्या खेपेला जमलं. लाह्या कुरकुरीत, गुळाचा नुसता हात फिरलेला. परातीत पसरून, वर तुझी जुनी सुती साडी टाकून आपण ते उन्हात ठेवलं होतं.

आणि मग तू पुड्या बांधायला लागलीस. आपल्या गावातल्या पोरी पहिल्या बसनं मारेगावला शाळेत जातात, त्या काही न खाता निघतात हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. पण बसस्टॉपवर जाऊन प्रत्येकीच्या हातात कागदाची पुडी ठेवायचं तुलाच सुचलं. मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "मी दहावीच्या पेपरात चक्कर येऊन पडली होती. पोटात काई नसन तं डोक्यात काय राहीन?" तेवढं बोलून तू पुन्हा कागद कापायला लागलीस.

वहिनी, ताप आला तेव्हा सांगायचं नाही का गं? वेचणीचे दिवस होते हे खरं. पण अंगात कणकण असताना तू कापसाच्या ओळीत उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "ऊन लागलं असन." मी ते खरं मानलं! यवतमाळला नेलं तेव्हासुद्धा तू गाडीत मला हेच सांगत होतीस, की जवस संपत आलं आहे, आणून ठेव. मी आणून ठेवलं. तू परत आली नाहीस.

त्यानंतरही मी बसस्टॉपवर जात राहिले. बिस्किटांचे पुडे नेले. पोरींनी घेतले, "थँक्यू ताई" म्हणाल्या. मग रोज पुडे विकत न्यायला जमेना, तसं तेही थांबलं. पोरी काही मागायच्या नाहीत. फक्त बस येईपर्यंत माझ्या हातांकडे बघायच्या. परीक्षा तोंडावर आल्या होत्या.

एके दुपारी मी आईला सरळच विचारलं, कढई चढवू का?

"अव, काय बोलून राह्यली तू? लोकं काय म्हनतीन? सून गेली अन् सासू गूळ-लाह्या परतून राह्यली?"

"लोकांसाठी पोरी उपाशी राहतील, आई."

"तुले कळत नाई." आई उठून दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "तिच्याबिगर त्या चुलीपाशी बसवत नाई मले. तिच्या माहेरचं मानूस येईन, कढई ठेवीन, तवा पाहू."

दादाला विचारलं, तर तो म्हणाला, "मायले इचार." शोभाकाकू मात्र कुंपणावरून म्हणाल्या, "माह्या घरी कर न वो. तुह्या मायले सांगते कोन?" मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण तुझ्या पुड्या आईपासून लपवून बांधायच्या? ते मला जमलं नसतं, आणि तुलाही आवडलं नसतं.

राहिलं तुझं माहेर. पण तुला ठाऊक आहे, कढई ठेवायला माहेरचं माणूस आपणहून येतं. त्याला बोलवायला कुणी जात नाही. बोलवायला जाणं म्हणजे आमचं रडून झालं, असं सांगणं. ज्या आईची लेक गेली तिच्या दारात जाऊन हे कोण सांगेल?

मी गेले, वहिनी. घरी सांगून गेले. आई नको म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही. राळेगावची एसटी धरली, पुढे तुझ्या गावापर्यंत ऑटो. तुझी आई अंगणात तुरी पाखडत होती. मला पाहून तिनं सूप खाली ठेवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "झालं का तुमचं रडून?"

वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ती सगळी बाजूला ठेवली. "नाही झालं, मावशी," मी म्हणाले. "पण पोरींची परीक्षा आली."

"कोन्या पोरी?"

तिला काहीच माहीत नव्हतं! लाह्या, गूळ, पुड्या, पहिली बस, सगळं मी सांगत गेले. आपल्या पोरीनं सासरी असं काही केलं होतं, हे ती पहिल्यांदा ऐकत होती. मी म्हणाले, वहिनीला दहावीच्या पेपरात चक्कर आली होती ना, म्हणून तिला या पोरींची काळजी वाटायची. त्यावर मावशींनी मला मधेच तोडलं.

"चक्कर म्हने का थे? उपास होता तिले. पेपर चांगला जावा म्हनून म्याच धरायले लावलता. पानीसुदा पिऊ देल्लं नाई. नापास झाली, अन् तिच्या बापानं सोयरीक पाह्यली. तुमच्या घरी आली थे माह्या उपासापाई."

तू आम्हाला हे कधीच का नाही सांगितलंस? इतकी वर्षं एका चुलीपाशी बसलो आपण. तू नेहमी 'चक्कर आली' एवढ्यावरच थांबलीस, 'उपास' हा शब्द कधी तोंडातून काढला नाहीस. तुझ्या आईला बोल लागू नये म्हणून ना? तिला आमच्यापासूनसुद्धा जपत होतीस?

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं मावशी आल्या. पिशवीत घरचं जवस होतं. आई दारात आली, "या इहीनबाई" म्हणाली. दोघी उंबऱ्यातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग मावशी पडवीत गेल्या, कढई सरळ केली, पदरानं पुसली आणि चुलीवर ठेवली. दादानं कापसाच्या पऱ्हाट्यांची मोळी आणून चुलीजवळ टाकली आणि तसाच बाहेर निघून गेला. तो गोठ्यामागे रडत होता, हे आम्हा तिघींना ऐकू येत होतं. कुणी उठलं नाही. त्याला रडू दिलं.

मावशी जवस परतायला बसल्या. त्यांचे डोळे सारखे भरून येत होते, त्यांना कढईतलं दिसत नव्हतं. आई दाराशीच उभी होती. "जाळ मोठा झाला, इहीनबाई. जवस करपते," ती म्हणाली. मग जवळ आली, एक लाकूड मागे ओढलं आणि तिथेच बसली. गूळ तिनं परतला. मी फक्त पुड्या बांधल्या.

आज पहिल्या बसला मावशी माझ्याबरोबर आल्या. "मी देतो," म्हणाल्या, म्हणून पिशवी त्यांच्याच हातात दिली. सगळ्यांनी पुड्या घेतल्या. एक पोरगी तेवढी मागे सरली.

"नको आजी. पेपर होईस्तोर माह्ये उपास हायेत. मायनं सांगतलं."

मला वाटलं, मावशी आता कोसळतील. त्यांनी तिच्या हाताला धरलं आणि तिला स्टॉपच्या ओट्यावर बसवलं.

"तुह्या मायले म्हन, उपास मारेगाव रोडवर एका म्हातारीनं घेतले. पेपर होईस्तोर म्या धरीन तुह्याकून. देव शाळा नाई शिकला, तरी त्याले उपास मोजता येते. खाय."

पोरी हसल्या. तीही हसली आणि तिनं पुडी सोडली. बस येईपर्यंत मावशी तिच्यासमोर उभ्या होत्या, शेवटची लाही तोंडात जाईपर्यंत.

घरी आल्यावर मावशींनी चहासुद्धा घेतला नाही. आईनं त्यांना एकदाच विचारलं, पुन्हा विचारलं नाही.

तुझं वर्ष अजून व्हायचं आहे. गाव बोलेल, शोभाकाकूंच्या कुंपणावर बोलायला सुरुवात झालीच आहे. आमचं रडूनही झालेलं नाही, वहिनी. ते कधी होईल, मला खरंच माहीत नाही. पण एक शब्द तुला देते. परीक्षा संपली, शाळेला सुट्ट्या लागल्या आणि पुन्हा शाळा उघडली, तरी पहिल्या बसला मी तिथे असेन. ज्यांच्या घरी उपास असतील, त्यांच्या घरी आदल्या संध्याकाळी जाऊन त्यांच्या आयांशी बोलेन. आज त्या पोरीच्या आईशी बोलून आले. ती आधी चिडली, मग तिनं ऐकून घेतलं.

येताना दुकानातून गूळ आणला. उद्याच्या लाह्यांसाठी ज्वारी भिजत घातली आहे.

तुझी,
प्रणाली