मंगळाचा दगड, मोकळं कपाळ

गिरीज,
१२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. जागृतीला जिजाआईचे भरभरून आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. वाडीत केळींना घड धरलेत, माझा गुडघा कुरकुरतोय, शेजारची क्लेमेंटीन रोज येऊन माझा अर्धा चहा पिऊन जाते. परवा फोनवर रडूच आवरेना, म्हणून लिहितेय.

तू अहमदाबादहून पाठवलेला फोटो क्लेमेंटीनने मोठा करून दाखवला. बाई गं! अंगभर पांढरे कपडे, कपाळ कोरं, गळ्यात मंगळसूत्र नाही, हातात बांगडी नाही. त्यात भूपेशचा बोटीवरून कितीतरी दिवस फोन नाही. वाटलं, पोरगा गेला आणि ही मला कळू देत नाही.

क्लेमेंटीनने तिथल्या तिथे तुला फोन लावला. तू म्हणालीस, "आई, भूपेश ठणठणीत आहे. सकाळीच बोललाय माझ्याशी." पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पायरीवर बसून नुसती रडत होते.

मग क्लेमेंटीनने तुझं म्हणणं समजावलं. मंगळावरून येऊन पडलेला दगड, त्यातल्या बारीक कणांमधलं युरेनियम हळूहळू शिसं होत जातं, आणि किती शिसं झालं त्यावरून तू दगडाचं वय काढतेस. बाहेरचं जरासं शिसं मिसळलं तरी वय चुकतं. कुंकवातही ते असू शकतं, म्हणून कपाळ धुऊन, दागिने काढून, पांढरे कपडे चढवून प्रयोगशाळेत जायचं. हे आधी सांगायला काय झालं होतं गं? म्हणे, आईंना आवडणार नाही. मी काय तुला खाणार होते?

आता फोनवर जमलं नाही ते सांगते. पोरगा गेला असं वाटलं आणि पुढच्याच क्षणी डोळ्यांसमोर तू आलीस. भूपेशचे बाबा गेले तेव्हा बायकांनी मला धरून कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या. मी नको नको म्हणत होते. वाटलं, तिकडे माझ्या पोरीला कुणीतरी असंच धरलं, आणि मी जवळ नव्हते. फोन लागेपर्यंत मी चपला घालून निघालेसुद्धा होते.

तू दगडासाठी खुशाल कपाळ धू. लावायचं, पुसायचं, ते तुझ्या हाताने. दुसऱ्या कुणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे.

तुझी,
आई