तीन पायऱ्या आणि तांब्याभर पाणी

मी, चाँद पाशा वल्द इमाम साहेब, वय ७१, धंदा गवंडीकाम, राहणार कनेरगाव नाका, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, ओळंबा अजून सरळ धरता येतो. येत्या गुरुवारी नांदेडला हृदयाचं ऑपरेशन आहे. परत आलो तर राहिलेली कामं मीच करीन. नाही आलो तर हा कागद करील.

कलम १. आमच्यात वसीयत मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच करता येते. राहतं घर आणि बाकी सगळं मुलगा मुबश्शीर व मुलगी शाहिस्ता यांना शरियतच्या हिश्श्याने जाईल. त्यात मी तोंड घालत नाही.

कलम २. नाक्यावर शाहिस्ताच्या शिलाईच्या दुकानाला लागून माझी छोटी जागा आहे. ती वरच्या मर्यादेत बसते. ती मी ग्रामपंचायतीला देतो, फक्त सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी. पाया भरून ठेवला आहे. मुबश्शीरला तिथे मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. बेटा, रुसू नकोस. तुला चार पावलं पुढेही दुकान टाकता येईल.

कलम ३. हे का, तेही लिहितो. सहा वर्षांपूर्वी नाक्यावरचं दिव्यांगांचं स्वच्छतागृह मीच बांधलं. उंच जोतं म्हणजे गवंड्याची इज्जत, आणि पायऱ्या विषमच हव्यात, ही आमची रीत. मी हौसेने तीन काढल्या. उद्घाटनाला शाहिस्ता चाकांच्या खुर्चीतून आली, खालीच थांबली आणि हसून म्हणाली, "लई छान झालं अब्बा. खालून बराबर दिसून राहिलं." लेकीला लहानपणापासून पोलिओ, आणि बाप शकुनाच्या पायऱ्या मोजत बसला! मला फार लाज वाटली, अजून वाटते. तेव्हापासून बघतो, दुकानात असेपर्यंत ती दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही.

कलम ४. किसनराव तेव्हा पंचायतीचे सदस्य. "कोणी वापरतच न्हाई," म्हणत त्यांनी त्या स्वच्छतागृहाला कुलूप ठोकलं आणि आत स्वतःचे फवारणीचे पंप ठेवले. पायऱ्या फोडून उतार करू द्या म्हणून मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा एकच, "काहून घाई करून राहिले चाचा? बघू." तो राग इथेच सोडतो. मात्र या कागदावर त्यांनी साक्षीदार व्हावं, म्हणजे माहीत नव्हतं म्हणायची सोय उरणार नाही.

कलम ५. थापी, ओळंबा आणि गाठींची सुतळी माझा जोडीदार गवंडी, तांड्यावरचा प्रेमदास, याला. पहिली गाठ तीन फुटांवर, तेवढं रुंद दार. दुसरी पाच फुटांवर, तेवढी आत खुर्ची वळायला जागा. अंगणात शाहिस्ताला गोल फिरायला लावून मी ती चुन्याने आखून घेतली आहे. फूटभर चढायला बारा फूट उतार. कडी खुर्चीत बसल्या बसल्या हाताला लागावी. धरून उठायला भिंतीला लावायच्या दांड्यांना प्रेमदासने स्वतः लोंबकळून बघावं; त्याचं वजन पेललं तर अख्ख्या गावाचं पेलेल. पायरी एकही नको, शकुनालाही नको.

कलम ६. कामावर देखरेख शाहिस्ताची. ती आत जाऊन, वळून बाहेर आली तरच काम झालं समजावं. माझ्या कबरीला सिमेंट लावू नये, ते उताराला लागेल. उद्घाटनाला फीत नको, हार नको. शाहिस्ता, त्या सकाळी घरून निघताना तांब्याभर पाणी पी. माझ्यासाठी तेवढी दुआ पुरे.

ठिकाण: कनेरगाव नाका. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५.

सही: चाँद पाशा

साक्षीदार:
१. उत्तमसिंग बाबूसिंग चव्हाण
२. किसनराव (कलम चार वाचलं. पंप काढले. कुलपाची चावी सोबत जोडली आहे.)