दाराजवळची सीट

२ एप्रिल

आज रुजू झाले! हेलिकॉप्टर कंपनीत नोकरी लागली म्हटलं की लोक आधी आभाळाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मी उडत नाही, उडणाऱ्यांना तोलते. डोंगरमाथ्यावर खाण आहे आणि तिथे रस्ता जात नाही. खाणीची माणसं आमच्या एकुलत्या एक हेलिकॉप्टरने वर जातात नि खाली येतात. प्रत्येकाला सामानासकट काट्यावर उभं करायचं, वजन कागदावर मांडायचं आणि बेरीज पायलटच्या हातात द्यायची. बेरीज जास्त भरली तर कुणाला तरी मागे ठेवायचं. काम एवढंच, पण सगळ्यांचा जीव त्या बेरजेवर.

राहायला मैदानाला लागूनच दोन खोल्या दिल्या आहेत. नवरा गेला आणि सासूबाई माझ्या वाट्याला आल्या. खरं सांगायचं तर सौदा वाईट नाही, भांडायला तरी घरात कुणी आहे. लेकीचं पाळण्यातलं नाव आता कुणाला आठवत नाही. तिचा पाय जमिनीवर ठरत नाही म्हणून ती भिंगरी. दिवसभर कुंपणाला चिकटून होती. मला आत्ताच्या आत्ता त्यात बसायचंय, असा धोशा लावला. म्हटलं, बसशील एक दिवस, आधी तोंड धू.

६ एप्रिल

काट्याची तबकडी फक्त माझ्याकडे तोंड करून आहे, त्यामुळे सगळ्या गावाची गुपितं मला ठाऊक. एक जाडजूड मुकादम पिशवी खांद्याइतकी उंच धरून काट्यावर उभा राहतो. उचलून धरली की वजन काट्यावर पडत नाही, अशी त्याची समजूत. मी हसू दाबून आकडा लिहिते.

रोज सकाळी काट्याची परीक्षा म्हणून आधी मी स्वतः उभी राहते. माझं वजन मला माहीत, काटा तेच सांगतो, मग दिवस सुरू.

इथे एक गंमत आहे. पायलटला सगळे कॅप्टनकाका म्हणतात, निवृत्तीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी बजावलं की मागच्या दाराजवळची सीट कधीही द्यायची नाही आणि कागदावर एका माणसाचं वजन जास्तीचं धरायचं. का, ते सांगेनात. मशीन, म्हणजे हेलिकॉप्टर, खाली टेकलं की त्याची देखभाल करणारा मिस्त्री सगळ्यात आधी त्या रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधतो, मग बाकीची कामं. मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आभाळात लटकणाऱ्या माणसांनी चार गोष्टी मानल्या तर तुझं काय जातं? खरंच, माझं काय जातंय.

१० एप्रिल

नवे साहेब आले. चकचकीत बूट, फळी ठोकल्यासारखी ताठ मान. ही सीट रिकामी का जाते म्हणून मलाच फैलावर घेतलं. मी प्रथा म्हटलं, तर म्हणाले प्रथेवर मशीन उडत नाही. कॅप्टनकाका डोळे तपासायला शहरात गेलेत, बदली पायलट आलाय. वजन जास्त म्हणून मुकादम मागे राहिला होता आणि वर खाणीच्या वस्तीत त्याच्या घरी बारसं की काय होतं, चरफडत होता. त्याला ती सीट दिली आणि जास्तीचं वजन खोडून टाकलं. मशीन गेलं, आलं. काहीही झालं नाही. उगाच बाऊ!

११ एप्रिल

कॅप्टनकाका परत आले. कालचं कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की ती सीट दिली कुणी. मी दिली, म्हटलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं होतं.

१३ एप्रिल

सकाळी काट्यावर उभी राहिले आणि काटा माझ्या वजनावरून सरळ पुढे गेला. मिस्त्रीला बोलावलं. त्याने लोखंडी मापं ठेवून पाहिली, काटा बिनचूक. पुन्हा मला उभं केलं. तबकडी बघितली आणि माझ्याकडे न बघता गेला.

कपडे तर सैल होतायत. सासूबाई म्हणतात, वाळलीस. पण जिना चढताना पायऱ्या करकरतात, आणि काल पलंगाची फळी माझ्याखाली तडकली. खांदे गार पडलेत. कुणीतरी पाठुंगळी बसलंय, असं वाटतं. लिहितानाही हसू येत नाही.

१५ एप्रिल

कॅप्टनकाकांनी सगळं सांगितलं. खूप वर्षांपूर्वी वर बर्फाचं वादळ यायचं होतं. सगळ्यांना खाली आणायचं होतं आणि एक माणूस जास्त होत होता. वर काटा सांभाळणाऱ्या बाईने बेरीज केली आणि एका खाणकामगाराला उतरवलं. तो दाराजवळच्या सीटवर बसलेला होता, पट्टासुद्धा बांधला होता. कुरकुर न करता उतरला. मशीन तेव्हाही काकाच चालवत होते. त्यांनीच त्याला सांगितलं, पुढच्या खेपेला तू. पुढची खेप झालीच नाही. बर्फ वितळला तरी माणूस सापडला नाही.

त्यानंतर मशीन रोज एका माणसाने जड भरायचं. त्याची सीट त्याला दिली, कागदावर त्याचं वजन धरलं, तेव्हा कुठे तो लोकांच्या अंगावर बसायचा थांबला.

आणि ती काट्यावरची बाई, म्हणून मी विचारलं. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

उपाय आहे म्हणाले. उद्या ती सीट रिकामी ठेवायची आणि मी तिच्या शेजारी बसून वर जाऊन खाली यायचं. स्वतःची जागा दिसली की तो माझ्यावरून उतरेल. खाली आल्या आल्या पट्टा बांधायचा, म्हणजे तो तिथेच राहील आणि दुसरं कुणी त्या जागेवर बसणार नाही.

१६ एप्रिल

सुटले! वर गेले तेव्हा खांद्यावर डोंगर होता. उतरताना ढगांच्या वर कधीतरी तो हलका झाला, आणि शेजारच्या सीटची गादी हळूच खाली दबली. मी बघितलं नाही. खाली येऊन धावत काट्यावर उभी राहिले. माझं वजन, फक्त माझं! तिथेच रडले.

आणि भिंगरी कुंपण ओलांडून आली होती. मिस्त्रीला साहेबांनी तेवढ्यात हाक मारली होती, मशीनचं दार उघडं होतं, ही आत चढून बसलेली. मी इतकी आनंदात होते की रागावलेसुद्धा नाही. बसलीस ना एकदाची, म्हटलं. उचलून खाली घेतलं तर हाताला जड लागली. वाटलं, मीच थकलेय.

आत्ता लिहिताना आठवतंय. ती कुठल्या सीटवर बसली होती, ते मी बघितलं नाही.

१७ एप्रिल

भिंगरी उठली नाही. ताप नाही, दुखत नाही. म्हणते, आई, जड वाटतंय. डॉक्टर आले, अशक्तपणा म्हणाले, आणि कुशीवर वळवायला गेले तर त्यांना ती हलेना. पुन्हा हात लावला नाही. पैसेही न घेता गेले.

मिस्त्रीने आणि मी चादरीत घालून तिला काट्यापर्यंत नेलं. माझ्या सात वर्षांच्या लेकीचं वजन. अधिक एका माणसाचं.

माझ्या हाताने झालं हे. मी नुसतं दार लावलं असतं तरी—

१८ एप्रिल

कॅप्टनकाका नाहीत. कागदावर खोटं वजन धरतात म्हणून साहेबांनी काल घरी बसवलं. बदली पायलट सगळ्या सीट भरून उडवतो.

साहेबांच्या पाया पडले. म्हटलं दोन जागा द्या, एक माझ्या मुलीला आणि एक रिकामी. ते म्हणाले, आज सगळं भरलंय.

पुढच्या खेपेला बघू, म्हणाले.

१९ एप्रिल

ढग मैदानावर उतरलेत. उड्डाणं बंद. पाती दोरीने बांधून ठेवलीत.

सासूबाई तिचे पाय चोळतात. म्हणतात, बर्फासारखे झालेत गं. मला शिव्या द्या म्हटलं, तर देत नाहीत.

भिंगरी कुणाशीतरी हळू बोलते. विचारलं तर म्हणाली, पाठीवरचे काका विचारतात, आपला नंबर कधी. मी म्हटलं त्यांना सांग, आईकडे या. आई तुम्हाला नेईल.

ती म्हणाली, ते म्हणतात तुम्ही असंच सांगता.

२० एप्रिल

दुपार आहे पण दिवा लावावा लागतोय. तिला काट्याच्या खोलीत आणलंय. काट्यावर बसवलंय, मी शेजारी. तिचा हात धरून म्हणतेय, माझ्यावर या, माझ्यावर या, ती लहान आहे—

वरून मशीनचा आवाज येतोय. खिडकीतून दिसतंय, आमचं मशीन समोर उभं आहे. पाती बांधलेली. तरी आवाज—

भिंगरी हसली. किती दिवसांनी. म्हणाली, आई, खेप आली.

काटा हलला! खाली येतोय. उतरतोय तो, उतरतोय— सासूबाईंना हाक मारली— काटा तिच्या वजनावर आला. बरोब्बर तिच्या. देवा, तुझे—

थांबत नाहीये.

ती इथेच आहे, हात माझ्या हातात आहे, आणि काटा अजून खाली— भिंगरी, त्याच्याबरोबर जाऊ नको, बाळा, त्याला म्हणावं तुझी सीट वेगळी— अजून खाली— शून्याला आता फक्त