लोखंडी पायाची वाटणी

मी, श्रीरंग पुंडलिक वाणी, वय बावन्न, व्यवसाय वार्ताहर, राहणार लिंबायत, सुरत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी येत्या रविवारी डांगच्या डोंगरात पंच्याऐंशी किलोमीटर धावण्यासाठी मी भरलेला अर्ज पाहू नये.

आरंभीच एक गाऱ्हाणे. माझ्या उजव्या बुटाची नाडी काढून पत्नी सौ. वैशाली हिने कूलरची नळी खिडकीला बांधली आहे. जाब विचारला तर म्हणाली, "तुम्हाला काय, बिननाडीचेही पळाल." सत्तावीस वर्षांच्या संसाराचे हे फलित.

१. सदर नाडी, कूलर आणि राहते घर वैशालीला. माझे संस्कृत कोशही तिलाच. पोळपाट हलतो, त्याखाली ठेवावेत. आजही एक ठेवतेच.

२. मेहुणा योगराज शिरोडे. हा लूमच्या कारखान्यात यंत्रमाग सांभाळणारा मास्तर आणि आमच्या धावगटाचा स्वयंभू गुरू. बारा तास डोंगर धावताना पाय सुजतो, म्हणून जाणते लोक बूट एक नंबर मोठा घेतात. या गुरूने मला आठाच्या पायाला आठच नंबर घ्यायला लावला. "भाऊजी, बूट घट्टच पाहिजे, नाहीतर पाय आत नाचतो." पाय नाचला नाही. तीन नखे काळी पडून गळाली. ती तपकिरीच्या डबीत जपली आहेत, डबी योगराजला.

शास्त्राप्रमाणे तेराव्याला छत्री आणि पादत्राणे दान करतात, म्हणजे गेलेल्याचे पाय वाटेत भाजत नाहीत. माझी पादत्राणे योगराजलाच द्यावीत. त्याचा पाय नऊ नंबरचा आहे. पंगतीला बसण्याआधी सर्वांदेखत घालायला लावावीत, आणि जेवण होईपर्यंत काढू देऊ नयेत.

३. सत्कारात मिळालेली शाल. गेल्या वर्षी बासष्टाव्या किलोमीटरला बाभळीचा काटा सोल फोडून डाव्या तळव्यात शिरला. मी पुढचे तेवीस किलोमीटर पळालो. शेवटी योगराजने बूट ओढला तेव्हा मोजा रक्ताने थबथबला होता. तो अहिराणीत ओरडला, "आवो भाऊजी, तुमना पाय लोखंडना शेतस!" पुढच्या रविवारी सत्कार झाला. मी लगोलग रविवारच्या पुरवणीत लेख लिहिला: वेदना ही मनाची एक वाईट सवय आहे, ती मोडावी. लेखाला सुभाषितही जोडले. लिंबायतपासून कडोदऱ्यापर्यंतच्या धावणाऱ्यांनी तो एकमेकांना पाठवला. शाल चितेवर घालू नये, पायपुसणे करावे.

४. आता जे लेखात नव्हते ते. सत्कारानंतर चार दिवसांनी जखम चिघळली म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक धागा डाव्या तळव्याला टेकवू लागले.

"कळलं की सांगा."

"सुरू करा ना, डॉक्टर."

"सात जागी टेकवून झालं, वाणीसाहेब."

ज्या शहराचे पोट धाग्यावर चालते, तिथे मला धागा कळला नाही. रक्तातल्या साखरेने पायाच्या नसा खाल्ल्या आहेत. म्हणजे मी काटा सोसला नव्हता. मला तो लागलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, धावणे बंद. मी शाल घरी आणलेली होती, त्यांची चिठ्ठी कोणालाच दाखवली नाही.

५. माझी मुलगी हर्षदा, वय एकवीस. तिने तो लेख कापून आरशाच्या कडेला चिकटवला आणि धावायला लागली. रविवारी तीही पंच्याऐंशी पळणार आहे. महिनाभर तिची उजवी नडगी दुखते आहे. जिना उतरताना कठडा धरते. साडीच्या काठाची पट्टी कापून नडगीला आवळते आणि वर लांब मोजा चढवते. काल मी म्हटले, "बाई, हाडाचा फोटो काढून ये."

हसली. "पप्पा, वाईट सवय आहे ती. मोडायची."

माझेच वाक्य. इतके नेमके मला आजवर कोणी उद्धृत केले नव्हते.

म्हणून हर्षदाला मालमत्तेपैकी काहीच देत नाही. तिला फक्त हा कागद. तो मी मेल्यावर उघडू नये. उद्या, शनिवारी सकाळी, तिने चहाआधी वाचावा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी टाचली आहे, तारखेसह. वाचल्यावर तिने मला जे म्हणायचे ते म्हणावे. योगराजसमोर म्हटले तरी चालेल.

मला मरणाची भीती वाटत नाही, पायाचीही फारशी नाही. हर्षदा, तुला दुखते. मला दुखत नव्हते. तू माझी बरोबरी करशील आणि कुठल्यातरी उतरणीवर तुझे हाड मोडेल, एवढीच भीती वाटते.

स्वाक्षरी: श्रीरंग पुंडलिक वाणी

साक्षीदार (मजकूर न वाचता, स्वाक्षरी समक्ष पाहून):
१. दगा रामा धनगर, रिक्षाचालक
२. सरलाबाई बागूल, शेजारीण

स्थळ: लिंबायत, सुरत
दिनांक: शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५