राहून पाहिलेलं घर

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा. वळकटी, पिशवी, ओळंबा, खडूंची डबी आणि ही वही. एवढं लटांबर घेऊन फाटकात उभा राहिलो, तर घराचा दलाल हसून म्हणाला, काका, राहायला आलात की घर पाडायला? हा माणूस प्रत्येक वाक्याआधी हसतो आणि वाक्य संपल्यावरही हसतो. मी त्याचं नाव हसरा ठेवून टाकलंय.

माझी पद्धत जुनीच. घर उभ्या उभ्या बघून कळत नाही. पाहुणे आले की पोरं जशी शहाण्यासारखी बसतात, तशी घरंही पहिल्या दिवशी शहाणी वागतात. चार दिवस मुक्काम ठोकला की खोड्या बाहेर येतात. आयुष्यभर लोकांच्या घरांची डागडुजी केली, शाळा चौथीत सुटली, जे काय शिकलो ते भिंतींकडूनच. म्हणून धाकटीनं हट्ट धरला, बाबा, तुम्ही राहून बघा, तुम्ही हो म्हणालात की आम्ही सही करतो. मालकीणबाई मुलाकडे राहायला गेल्यात, घर वर्षभर बंद आहे, त्यामुळे त्यांचीही हरकत नाही.

आणि घर काय सांगू! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, कोपऱ्यावर बेकरी, पलीकडे शाळा, हाकेच्या अंतरावर डॉक्टर. उंच छत, रुंद लाकडी जिना, खिडक्यांत आरामात बसून पाय हलवावेत असे कट्टे. वर पूर्वेची खोली आहे, सकाळचं ऊन सरळ आत येतं. ती बाळाची, असं मी मनात ठरवूनही टाकलं. धाकटीला सातवा लागलाय. सध्याच्या जागेत दोघांनाच कूस बदलायला जागा नाही, त्यात घरमालकानं जागा सोडायला सांगितलीय. देवा, यात फार खोट निघू नये.

४ तारीख, मंगळवार

दिवसभर घर चाचपलं. दुखणी आहेत, पण वयाला शोभणारी. स्वयंपाकघरात मोरीमागे ओल, पोपडे धरलेत. पूर्वेच्या खोलीचं दार फुगलंय, खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. न्हाणीघरातला नळ टिपटिपतोय. प्रत्येक ठिकाणी खडूनं गोल काढला. उद्यापासून एकेकाचा समाचार घेऊ.

ओलीवर तळहात ठेवला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, आण बाई तुझं दुखणं इकडे. धाकटी लहानपणी तापानं फणफणायची तेव्हा तिच्या कपाळावर हात ठेवून असंच म्हणायचो. पुढे भिंतींनाही म्हणायला लागलो. हाताखालचे गडी टिंगल करायचे, म्हातारा भिंतीला औषध पाजतोय रे. करू देत. मायेनं हात लावला की कुठं किती खोल गेलंय ते कळतं, एवढं खरं.

५ तारीख, बुधवार

गंमतच आहे. मोरीमागची भिंत कोरडीठाक! खडूचा गोल जागच्या जागी, आत मात्र पोपडा नाही की डाग नाही. नख मारून पाहिलं, गिलावा टणटणीत. एका दिवसात ओल उतरलेली मी जन्मात पाहिली नाही. हसऱ्याला फोन केला तर म्हणाला, काका, तुमचा पायगुण!

मला मात्र खोकला धरलाय. छातीत घरघर होतेय. बंद घराची धूळ, दुसरं काय.

७ तारीख, शुक्रवार

दार आपसूक उघडतंय. करंगळीनं ढकललं तरी सरकतं. नळही गप्प.

माझा डावा गुडघा मात्र सुजून भोपळा झालाय, वाकतच नाही. जिना बसून बसून उतरलो, रांगत्या पोरासारखा. आणि नळाचं म्हणाल तर लाज वाटते लिहायला, पण आता दर थोड्या वेळानं मलाच धावावं लागतंय, आणि धावायला गुडघा नाही. एकटाच हसलो. घर तरुण होतंय आणि आपण म्हातारे होतोय म्हटलं.

लिहून झाल्यावर हे वाक्य पुन्हा वाचलं. हसू आलं नाही.

८ तारीख, शनिवार

सकाळी कुंपणापाशी शेजारीणबाई कपडे वाळत घालत होत्या. बोलक्या आहेत. मला लंगडताना पाहून काढा सांगितला, मग घराचं कौतुक सुरू केलं. म्हणाल्या, इतकी वर्षं शेजारी आहे, पण या घरात गवंडी चढलेला पाहिला नाही की रंगारी. आमच्याकडे दर दोन वर्षांनी छप्पर गळतं, यांचं घर कायम कालच बांधल्यासारखं. मी विचारलं, मग मालक स्वतः करायचे का सगळं? तर कपाळाला हात लावून म्हणाल्या, कुठलं हो, ते तर अंथरुणालाच खिळलेले. ते गेले, मग मालकीणबाईंचा भाऊ आला सोबतीला, चांगला गडी माणूस, तोही वर्षाच्या आत आडवा झाला. तो गेल्यावर बाई निघून गेल्या आणि घर बंद पडलं, तेव्हा कुठं पहिल्यांदा पोपडे दिसले हो भिंतीला. घर मोठं गुणी, माणसांनाच लाभत नाही, असं म्हणून त्या चिमटे घेऊन आत गेल्या.

मी उन्हात उभा राहिलो. अंगावर ऊन होतं आणि आत गारठा.

९ तारीख, रविवार

मनातलं किल्मिष मनात ठेवायची सवय नाही. पडताळून पाहिलं.

भर दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या टाकून, दिवाणखान्याच्या भिंतीवर छिन्नीनं तळहाताएवढा गिलावा उडवला. विटा दिसल्या. समोर खुर्ची टाकून बसलो. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, शाळेच्या मैदानावर पोरं खेळत होती. मी भिंतीवरून नजर हलवली नाही.

पुसलेली फरशी जशी कडेकडेनं वाळत जाते, तशी ती जखम भरत गेली. कडेनं आत, कडेनं आत. आवाज नाही, धूळ नाही. शेवटी मधली वीटही झाकली गेली.

दंडाची आग होत होती. सदऱ्याची बाही वर केली. तळहाताएवढी कातडी गेलेली. आतलं लाल दिसत होतं, ओलं.

भिंतीवर हात फिरवला. कोमट होती.

१० तारीख, सोमवार

धाकटीला फोन केला. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. आधी हसली, मग विचारलं, बाबा, ताप आहे का तुम्हाला? जावईबापूंनी फोन घेतला. समजूतदार माणूस, आवाज चढवला नाही. त्यांनी पाठवलेला इंजिनिअर आज सकाळीच घर बघून गेला होता. मला म्हणाला होता, आजोबा, असं घर दहा वर्षांत पाहिलं नाही. तेच त्यानं त्यांनाही सांगितलं.

मग धाकटी परत फोनवर आली. रडत होती. म्हणाली, बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर नाही घेणार, शब्द देते. पण एक तरी खोट दाखवा. एक. आम्हाला पंधरा दिवसांत जागा सोडायचीय, या पोटानं आणखी किती जिने चढू?

फोन ठेवून घरभर फिरलो, भिंतींना धरून. एक खोट सापडली नाही.

११ तारीख, मंगळवार

पडल्या पडल्या विचार केला. घराची दुखणी म्हणजे काही अथांग समुद्र नाही. वर्षभराची साठलेली आहेत, उपसली की संपतील. मी तर पिकलं पान. जे काय उरलंसुरलं असेल, तुळईतलं, पायातलं, गच्चीतलं, ते सगळं मीच घेतो. धाकटी येईल तेव्हा घर नितळ झालेलं असेल. तिला घ्यायला काही उरणारच नाही.

हिशेब सोपा वाटला. पोरीसाठी करायचं म्हटलं की सगळंच सोपं वाटतं.

फोन करून सांगितलं, घे घर. काल डोकं ठिकाणावर नव्हतं. आनंदानं ओरडली पोर. शनिवारी सही करून लगेच मला भेटायला येते म्हणाली.

मग खुरडत खुरडत, डोळ्यांना न दिसणारं तळहातानं चाचपत सगळीकडे गेलो. गच्चीच्या गिलाव्याआडचा तडा. जिन्याच्या लाकडाआतली वाळवी. पायाजवळ फरशीखाली खचलेली माती. प्रत्येकावर हात ठेवला. आण इकडे. आण.

१३ तारीख, गुरुवार

पाठ मोडलीय. बसता येत नाही. हाडांत काहीतरी कुरतडतंय, बारीक, आतून. कोपऱ्यावरचे डॉक्टर येऊन गेले. रुग्णालयात हलायला सांगत होते. मी हात जोडले, दोन दिवस थांबा. चक्रावलेत. म्हणाले, आजोबा, एका माणसाला एवढं सगळं एका आठवड्यात होत नाही.

पण घर नितळ आहे. उशीवरून दिसतं तेवढं सगळं नितळ. झालं. संपवलं.

१४ तारीख, शुक्रवार, सकाळ

संपलं नाही.

खिडकीच्या चौकटीला नवी चीर. काल नव्हती. छताच्या कोपऱ्यात ओलीचा ठिपका, तोही ताजा.

कसा विसरलो? मी, भिंतींत जन्म काढलेला? घर रोज थोडं झिजतं. रोज. ऊन लागतं, वारा लागतो, जमीन बसत जाते. उभं आहे तोवर झिजणारच. उपसून संपायला ते काय साठलेलं पाणी आहे —

फोन. धाकटीला फोन. सही करू नको.

१४, दुपार

चीर मिटली. ठिपका गेला.

जबडा उघडत नाही. फोन लागला, ती बाबा बाबा म्हणत राहिली — माझ्या तोंडून फक्त वारा. म्हणाली, आवाज येत नाही, उद्या येतेच आहे.

शेजारीणबाई वर येऊन दारातून डोकावल्या. मी हातानं खुणा केल्या. त्यांना वाटलं पाणी हवंय. पाणी पाजून गेल्या. जाताना दाराला हात लावून म्हणाल्या, काय चकाकतंय हो घर.

१५, शनिवार

बोटं वळत नाहीत. तरी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. निघून जा. इथं राहू नको.

फाटक वाजलं.

—

सही करूनच आली. हसरा खाली हसतोय. जावईबापू खोल्या मोजताहेत.

मला बघून धाकटी दारातच बसली. मग जवळ आली. वहीचं ते मोठ्या अक्षरांचं पान तिच्यापुढे धरलं. वाचलं तिनं. रडत रडत हसली. म्हणे, आजारी पडलात की तुम्ही कायम असंच, निघून जा, माझ्यापायी त्रास नको. आई होती तेव्हाही तिला असंच हाकलायचात.

मान हलवली. नाही. नाही. तिनं मान धरली, उशी सरळ केली.

म्हणे, आता तुम्हाला एकटं ठेवत नाही. आजपासून आम्ही इथंच. सामान नंतर येत राहील.

माझं ओझं आहे म्हणून. माझ्यामुळे —

खिडकी उघडायला गेली. ऊन आलं. चौकटीला चीर, आज सकाळची, बोटभर लांब. मी बघतोय. आण इकडे. माझ्याकडे आण. तिच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे —

चीर मिटतेय. कडेनं आत.

मला काही होत नाही. दंड नाही. पाठ नाही. कुठंच नवं दुखत नाही —

धाकटी बोलता बोलता थांबली. कट्टा धरलाय. दुसरा हात पोटावर. जावईबापूंना हाक मारतेय, हळू, भ्यायल्यासारखी, अहो, जरा वर या, मला इथं आत काहीतरी