दुसरं मशीन

३ मार्च, रविवार

लिहिली एकदाची तक्रार. डाव्या हाताने. सहा ओळींना पाऊण तास लागला. अक्षर दुसरीतल्या पोराचं वाटतं, ते बरंच झालं. नाव नाही, सही नाही.

खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या ताई! दिवसभर त्यांचं मशीन चालतं ते चालतं, पण संध्याकाळी सहा वाजले की दुसरं सुरू होतं. नेमका मी तेव्हा ऑफिसातून येऊन टेकलेला असतो. बशीत कप थरथरतो. पहिलं मशीन सरळ धावतं, दुसरं अडखळत, थांबत थांबत. हाताखाली कुणी बाई ठेवली असणार. एकदा सांगायला गेलो होतो. त्यांचे बहिरे सासरे दारात येऊन नुसते हसले. मीही हसलो आणि जिना चढून परत आलो.

नियम मला तोंडपाठ आहे, आमच्याच विभागाचा. राहत्या घरात एक मशीन म्हणजे घरगुती वापर. दोन म्हणजे धंदा. म्हणून मुद्दाम लिहिलं — दोन मशीनं चालतात.

घरात कोरा कागद नव्हता. याच वहीचं शेवटचं पान फाडलं. हिने नवीन वर्षाला दिलेली वही. माझ्या डोळ्यांना त्रास नको म्हणून हिरवट पानांची शोधून आणली होती. लिहिलं तेव्हा ही घरात नव्हती. रोज सहा ते आठ फिरायला जाते, रविवारीही चुकवत नाही.

उद्या ऑफिसच्या तक्रारपेटीत टाकीन. होणार काहीच नाही. निनावी अर्ज आम्ही केराच्या टोपलीत टाकतो आणि पेटी मीच उघडतो. राग उतरावा, एवढंच.

४ मार्च, सोमवार

घात झाला!

अकराला पेटी उघडली. बावीस अर्ज. निनावी असतील ते आधी बाजूला काढायचे, मग बाकीच्यांवर आवक क्रमांकाचा शिक्का. सत्तावीस वर्षं हेच करतोय. आज टंकलेखक बाई समोर बसून त्यांच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या, मी हं हं करत शिक्के मारत गेलो. भानावर आलो तेव्हा बावीसच्या बावीस झाले होते. माझाही! ४१७.

क्रमांक पडला की कागदाला पाय फुटतात. फाडता येत नाही, त्याचं काय केलं ते लिहून द्यावं लागतं. साहेबांनी चष्मा वर करून म्हटलं, "हे काय, निनावीला नंबर?" मी म्हणालो, "चुकून पडला." "पडला ना? मग पाठवा निरीक्षकाला."

मी पाठवला. स्वतःच्या हाताने.

७ मार्च, गुरुवार

दोन्ही मशीनना सील लागलं. निरीक्षक सांगत होते, "दुसरं कुणाचं म्हणून विचारलं, तर बाई म्हणाली माझंच. सरळ कबूल!" वीस तारखेला सुनावणी.

संध्याकाळी कप थरथरला नाही. चहा मात्र तसाच राहिला.

८ मार्च, शुक्रवार

ताई वर आल्या होत्या. मला वाटलं, कळलं! पण नाही.

"भाऊ, तुम्ही त्याच ऑफिसात आहात. काही करता येईल का? घरमालक म्हणतो, धंदा ठरला तर खोली रिकामी करा. सासऱ्यांना घेऊन मी जाऊ कुठे?"

हिने चहा ठेवला. ताई म्हणाल्या, "कुणी केलं असेल हो?" ही मान वर न करता म्हणाली, "कुणी का करेना. आता निस्तरायचं कसं ते बघू." मी बिस्कीट चहात धरून बसलो, ते विरघळून तळाशी गेलं.

उत्तराचा अर्ज मी लिहून देईन म्हणालो. त्यांचे डोळे भरून आले. मला नजर कुठे ठेवावी कळेना.

१० मार्च, रविवार

खाली सामसूम. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ती शांतता! दुपारी पडलो, झोप आली नाही.

जिन्यात ताईंचे सासरे भेटले. त्यांना ऐकू येत नाही, पण मशीन चालू असलं की ते त्याच्या लाकडी फळीवर तळहात ठेवून बसायचे, असं ही सांगत होती. हिला कसं ठाऊक कोण जाणे, बायकांना असलं सगळं ठाऊक असतं. म्हाताऱ्याने मला धरलं, हात पुढे करून तळवा दाखवला आणि मान हलवली. बंद. मी मोठ्याने म्हणालो, "होईल सुरू!" ऐकू येत नाही हे विसरून.

ही हल्ली फिरायला जात नाही. गुडघा दुखतो म्हणते. सहा ते आठ खिडकीशी बसून असते.

१३ मार्च, बुधवार

अर्ज लिहायला ताई वर आल्या. मी त्यांना समजावलं — अगदी सोपं आहे. दुसऱ्या मशीनचा मालक दुसराच कुणी असेल, त्याने येऊन "माझं आहे, इथे ठेवायला दिलं होतं" एवढं सांगितलं, तर तुमचं एकच उरतं. घरगुती वापर. सुटलात. तो ते आपल्या घरी उचलून नेईल, संपलं. "कुणी बाई येते ना संध्याकाळी? तिचं नाव सांगा."

त्या म्हणाल्या, "नाही भाऊ. मशीन माझंच लिहा."

"अहो, खोली जाईल!"

"जाईल तर जाईल. सगळ्याच गोष्टी आपल्याला सांगता येत नाहीत."

मला राग आला. मला! ही आत ताटं घासत होती, तीच तीच ताटं. अर्ज लिहिला. उजव्या हाताने, वळणदार अक्षरात. स्वतःच्या तक्रारीला स्वतःच उत्तर. ताई म्हणाल्या, "किती सुरेख लिहिता."

१५ मार्च, शुक्रवार

काही नाही लिहिण्यासारखं.

१७ मार्च, रविवार

आहे. लिहितो. आणखी एक वाट आहे आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तक्रार करणाऱ्याने स्वतः येऊन, सहीनिशी तक्रार मागे घेतली तर प्रकरण तिथेच बंद होतं. एक सही. पेन माझ्या खिशात असतं.

पण मग साहेब, निरीक्षक, टंकलेखक बाई. जिन्यात ताई. आणि घरात ही. सत्तावीस वर्षांत एक काळा ठिपका नाही माझ्या नावावर. मी भित्रा आहे. आजवर त्याला शिस्त म्हणत आलो.

हिने अचानक विचारलं, "सुनावणीला कुणीही येऊ शकतं?" म्हटलं, "हो, संबंधित असेल तर. का?" "सहज."

लग्नात हिनेही मशीन आणलं होतं माहेरून. मी म्हणालो होतो, ऑफिसातल्या माणसाच्या बायकोने लोकांचे कपडे शिवणं बरं दिसत नाही. "बरं" म्हणाली आणि बहिणीला देऊन टाकलं. आज का आठवलं?

१९ मार्च, मंगळवार

उद्या सुनावणी. जबाब मीच लिहून घेणार, माझं कामच ते. तक्रार मागे घेण्याचा अर्ज सकाळी लिहिला. सहीची जागा सोडली. संध्याकाळी फाडला.

२० मार्च, बुधवार

साहेबांनी विचारलं, "दुसरं मशीन कुणाचं?" ताई म्हणाल्या, "माझंच." तेवढ्यात दाराशी आवाज, "त्यांचं नाही. माझं आहे, माहेरचं. बहिणीला दिलं नव्हतं मी. घरी चालत नव्हतं, म्हणून ताईंकडे ठेवलं. सहा ते आठ मीच चालवते."

साहेब मला म्हणाले, "लिहा." मी लिहिलं. नाव, पत्ता विचारावा लागला नाही. जबाबावर सही करताना तक्रारीचा हिरवट कागद हिच्यासमोरच होता. ही त्याकडे पाहत राहिली. मग सही केली. ताई सुटल्या, सील निघालं.

घरी आलो तेव्हा वही टेबलावर होती, मागून उघडलेली, फाटलेल्या पानापाशी. मशीन आमच्या खोलीत, खिडकीशी. ही शिवते आहे, माझ्याकडे पाठ करून. आज अडखळत नाही.